लंगडा पाय आणि घरचीं माणसें

महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्यपर्वाच्या आरंभींच, एक लहानशी कथा आली आहे. जनमेजय राजा कुरुक्षेत्रांत दीर्घ सत्र करीत असतां सरमेचा पुत्र, एक श्वान, तेथें आला आणि राजाच्या श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन या तिघां भावांनीं त्याला मारहाण केली. तो रडत आईकडे गेला. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें, त्याला जीभहि लावली नव्हती. मग हा मार कशासाठीं, असें विचारावयास सरमा यज्ञमंडपांत आली. कोणींच उत्तर दिलें नाहीं, आणि तिनें राजाला शाप दिला. ही कथा वाचतांना आपलें लक्ष शापाकडे जातें. मार खाल्लेल्या त्या पुत्राचें पुढें काय झालें, त्याचें दुखणें कोणी निवारलें, तो पुन्हा धावूं लागला कीं नाहीं, याविषयीं कथा मौन धरते. आज आम्हांला लिहावयाचें आहे तें या न सांगितलेल्या भागाविषयीं. म्हणजे इजा झालेला कुत्रा पुन्हा आपल्या पायांवर कसा उभा राहतो, आणि त्यांत घरच्या माणसांचा वांटा किती, याविषयीं.

पूर्वीं आपल्याकडे कुत्रा ओट्यावर किंवा मागीलदारीं असे. सोवळ्याच्या हद्दीबाहेर त्याचें गोणपाट आणि त्याची भाकरी. आज तो थेट बैठकीच्या खोलींत आला आहे. वाड्यांच्या जागीं सदनिका झाल्या, अंगणाऐवजीं जिना आणि गुळगुळीत फरशी आली, आणि त्याबरोबर त्याच्या दुखण्यांचें स्वरूपहि पालटलें. गाडीची धडक पूर्वींहि बसत असे. आतां सोफ्यावरून मारलेली उडी, फरशीवर घसरलेला पाय, अंगावर चढलेली चरबी आणि वाढलेल्या आयुष्याबरोबर आलेली सांध्यांची झीज यांची त्यांत भर पडली आहे. मोडलेलें हाड जोडण्याची सोय आपल्या मोठ्या शहरांतून आहे. मुंबईस परळ येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालें तें १८८६ सालीं, तेव्हां हें शास्त्र आपल्याला परकें नाहीं. अडचण येते ती शस्त्रक्रिया होऊन कुत्रा घरीं आल्यावर.

“आतां विश्रांति द्या,” असें पशुवैद्य सांगतो. घरीं या शब्दाचे दोन अर्थ होतात. कांहीं घरीं कुत्र्याला दोन महिने कोपऱ्यांत बांधून ठेवितात आणि पाय आपोआप बरा होईल अशी वाट पाहतात. कांहीं घरीं त्यानें चौथ्या दिवशीं शेपूट हालविली कीं, “बरा झाला हो!” म्हणून त्याला मोकळा सोडितात. आमच्या मतें या दोन्ही वाटा नुकसानीच्या आहेत. शस्त्रवैद्य हाड जोडतो. पाय परत मिळतो तो घरच्या माणसांनीं रोज मोजून-मापून करवून घेतलेल्या हालचालीनें.

असें कां, हें समजण्यासाठीं शरीराची थोडी रचना पाहूं. उभ्या असलेल्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारें साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर आणि चाळीस टक्के मागच्या दोन पायांवर असतो. मागचा एक पाय दुखूं लागला कीं तो आपला भार उरलेल्या तिघांवर ढकलतो. तीन पायांवर उड्या मारीत चालणें त्याला लवकर साधतें, आणि तेथेंच खरा घात होतो. कारण न वापरलेल्या मांडीचे स्नायु थोड्याच आठवड्यांत झडूं लागतात. सांध्याची गोष्टहि अशीच. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण सांध्यांतील द्रवांतून होतें, आणि तो द्रव कूर्चेंत झिरपण्यास सांध्याची हालचाल लागते. म्हणजे सांधा स्थिर ठेवणें हें कांहीं दिवस औषध असलें तरी पुढें तेंच अपथ्य ठरतें.

याचें सर्वांत दुःखद उदाहरण पिल्लांत दिसतें. लहान पिल्लाच्या मांडीचें हाड मोडलें आणि दयाबुद्धीनें कोणी तो पाय ताठ बांधून कांहीं आठवडे तसाच ठेवला, तर मांडीच्या पुढचा मोठा स्नायु आंखडून हाडाला चिकटतो. हाड सांधतें, पण गुडघा वांकेनासा होतो, आणि पिल्लू जन्मभर काठीसारखा ताठ पाय फरफटत राहतें. रस्त्यावरचें जखमी पिल्लू उचलून आणणाऱ्या मुलामुलींना आम्ही आवर्जून सांगतों कीं, त्याला घरच्या घरीं फळी बांधूं नका. पेटींत किंवा पाटीवर मऊ कपडा घालून, शक्य तितकें न हालवितां, पशुवैद्याकडे न्या.

माणसाच्या आणि घोड्याच्या बाबतींत हालचालीनें उपचार करण्याची विद्या जुनी आहे. कुत्र्याकडे ती उशिरां वळली. इंग्लंडांत प्राण्यांवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांची संघटना १९८५ सालीं निघाली. प्राण्यांच्या पुनर्वसनावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९९९ सालीं अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत कॉर्वालिस येथें भरली, आणि २०१० सालीं या विषयाला तेथें पशुवैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. या शाखेचें सर्वांत ठळक साधन म्हणजे पाण्यांतील चालपट्टा. कांचेच्या हौदांत फिरता पट्टा असतो. कुत्र्याला त्यावर उभें करून कोमट पाणी भरितात आणि पट्टा हळू सुरू करितात. पाणी अंगाचा भार पेलतें. मोजणी अशी आहे कीं, पाणी मागच्या घोट्यापर्यंत असतां पायांवर सुमारें ९१ टक्के वजन येतें, गुडघ्यापर्यंत असतां ८५ टक्के, आणि कंबरेच्या सांध्यापर्यंत असतां अवघें ३८ टक्के. ज्या पायाला जमिनीवर टेकण्याचा धीर होत नाहीं तो पाण्यांत टेकतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशी सोय आतां मिळूं लागली आहे. परंतु ती आठवड्यांतून एकदोन वेळांची. बाकीचे दिवस घरचे आहेत.

कुत्र्याच्या मागच्या पायाच्या लंगडण्याचें एक फार मोठें कारण म्हणजे गुडघ्यांतील बंध तुटणें. गुडघ्याच्या आंत दोन चिवट बंध एकमेकांना छेदून जातात. त्यांतला पुढचा तुटला कीं मांडीचें हाड नडगीच्या उतरत्या माथ्यावरून मागें घसरूं लागतें. “परवां गच्चीवर उडी मारली, तेव्हांपासून लंगडतो,” असें घरचे सांगतात. खरी गोष्ट अशी कीं, बहुतेक कुत्र्यांत तो बंध आधींच झिजून विरत आलेला असतो. उडी हें केवळ निमित्त. म्हणूनच एका गुडघ्याचा बंध गेलेल्या कुत्र्यांपैकीं पुष्कळांचा दुसराहि पुढें जातो. नडगीच्या हाडाचा माथा कापून, फिरवून, त्याचा उतार कमी करण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेंतील बार्कले स्लोकम या पशुवैद्यानें १९९३ सालीं प्रसिद्ध केली, आणि आज ती जगभर होते. पण कापलेलें हाड सांधण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. तेवढे दिवस जिना, उडी आणि धावणें वर्ज्य. मात्र चालणें वर्ज्य नाहीं.

आतां घरीं काय करावयाचें तें क्रमानें सांगतों. प्रत्येक कुत्र्याचा क्रम त्याच्या पशुवैद्यानें आंखून द्यावयाचा असतो, हें गृहीत धरूनच पुढील मजकूर वाचावा. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोनतीन दिवस सुजेचे. या दिवसांत बर्फ फडक्यांत गुंडाळून दहा-पंधरा मिनिटें, दिवसांतून तीनचार वेळां धरावा. शेक देऊं नये. शेकाचे दिवस सूज ओसरल्यावर येतात. नंतर कुत्र्याला कुशीवर निजवून, दुखरा पाय वर ठेवून, एका हातानें सांध्याच्या वर आणि दुसऱ्यानें खालीं आधार देऊन, तो सावकाश वांकवावा आणि सरळ करावा. दहा-पंधरा वेळां, दिवसांतून दोनतीनदां. त्यानें मान वळवून हाताकडे पाहिलें, ओठ चाटले, किंवा अंग ताठ केलें, तर तेथेंच थांबावें; ती त्याची हद्द.

चालणें आंखूड पट्ट्यानें आणि अगदीं हळू. पहिल्यानें पांच मिनिटें, दिवसांतून तीन वेळां. पुढें पशुवैद्याच्या अनुमतीनें आठवड्याला पांच मिनिटांची वाढ. हळू चालण्यावर आम्ही भर देतों त्याला कारण आहे. भरभर चालतांना कुत्रा दुखरा पाय उचलून तिघांवर निभावून नेतो; चाल मंदावली कीं त्याला चौथा पाय टेकावाच लागतो. पंधरा मिनिटांची मंद फेरी ही अर्ध्या तासाच्या ओढाताणीपेक्षां अधिक मोलाची. पुढच्या पायरीवर बैठका येतात: भिंतीच्या कडेला, दुखरा पाय भिंतीकडे करून, म्हणजे तो बाहेर फेंकतां येणार नाहीं, कुत्र्याला बसवावें आणि उठवावें, पांचापासून दहापर्यंत. त्यानंतर जमिनीवर हातभर अंतरानें काठ्या मांडून त्यांवरून चालवावें. काठी ओलांडण्यासाठीं प्रत्येक पाय जाणीवपूर्वक उचलावा लागतो, आणि विसरलेला पाय ध्यानांत येऊं लागतो. यासाठीं विकतचें साहित्य नको. झाडूचे दांडे पुरतात. चढावर चालल्यानें मागच्या पायांना काम मिळतें, उतारावर पुढच्यांना. कोणत्या पायाला इजा आहे हें पाहून रस्ता निवडावा.

येथपर्यंतचें दुखणें पायाचें. कण्याचें दुखणें याहून कठीण, आणि तेंच घराची खरी परीक्षा पाहतें. लांब अंगाच्या, आंखूड पायांच्या डॅक्सहुंड जातींत मणक्यांमधील गादी लहान वयांतच सुकून कठीण होते. २०१७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें कीं, अंगाची ठेंगणी घडण आणि गादीची ही झीज यांच्या मुळाशीं एकच जनुकीय फेरफार असतो. एके सकाळीं अशी गादी फुटून मज्जारज्जूवर दाब येतो, आणि रात्रीं जेवून निजलेला कुत्रा मागचें अंग ओढीत येतो. घरांत रडारड होते. कोणी म्हणतें, आतां याचे हाल बघवत नाहींत, सुई देऊन सोडवा.

अशा वेळीं निर्णय करण्यापूर्वीं एक गोष्ट पशुवैद्याकडून नक्की करून घ्यावी: मागच्या पायांत खोल वेदनेची जाणीव उरली आहे कीं नाहीं. पायाचें बोट चिमट्यानें दाबून तो हें पाहतो. कुत्र्यानें पाय मागें घेतला एवढ्यानें भागत नाहीं. ती केवळ मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असूं शकते. त्यानें वळून पाहिलें पाहिजे, विव्हळलें पाहिजे. वेदना मेंदूपर्यंत पोंचली याची तीच खूण. जाणीव शाबूत असतां शस्त्रक्रिया झाली तर दहांपैकीं सुमारें नऊ कुत्रे पुन्हा चालतात. जाणीव गेलेली असतांहि वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं निम्मे किंवा थोडे अधिक चालूं लागतात. सौम्य दुखण्यांत शस्त्रक्रियेवांचूनहि, सुमारें चार आठवडे पिंजऱ्यांत कडक विश्रांति देऊन, गुण येतो. म्हणजे जो कुत्रा घरच्यांना त्या सकाळीं संपल्यासारखा वाटतो, तो पुष्कळ वेळां संपलेला नसतो. करुणेनें केलेली घाई हीहि घाईच होय.

मात्र या वाटेवरचे आठवडे सोपे नाहींत. ज्याचें मागचें अंग लुळें पडलें त्याला लघवी आपली आपण होत नाहीं. दिवसांतून तीनचार वेळां पोट हलकेंच दाबून ती करवावी लागते, आणि हें पशुवैद्यासमोर शिकून घ्यावें लागतें. दर चार तासांनीं कूस बदलावी लागते, नाहीं तर हाडाच्या उंचवट्यांवर व्रण पडतात. अंथरूण कोरडें हवें. उभें करतांना पोटाखालून जुन्या लुगड्याची पट्टी घालून अंग उचलून धरावें लागतें. रात्रीं दोन वाजतांहि कोणाला तरी उठावें लागतें.

एकत्र कुटुंबाचें बळ येथें दिसतें. नवराबायको दोघेंहि नोकरीवर जाणाऱ्या घरांत हा क्रम सांभाळणें फार जड जातें. आठदहा माणसांच्या घरीं तो वांटून घेतां येतो. पहांटे उठणाऱ्या आजोबांनीं सकाळची फेरी न्यावी. दुपारीं घरीं असणाऱ्या काकूंनीं पाय हालवावा. शाळेंतून आलेल्या मुलांनीं काठ्या मांडाव्या. रात्रीं जागून अभ्यास करणाऱ्या तरुणानें कूस बदलावी. पण याच घराचा एक दोषहि आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. अनेक हात असले कीं जबाबदारी कोणाचीच राहत नाहीं. सकाळची फेरी दोघांनीं दोनदां नेली, संध्याकाळची कोणींच नेली नाहीं, असें होतें. शिवाय प्रत्येकाची माया वेगळी: आजी ताटांतली तुपाची पोळी देते, काका बिस्किट देतात, मुलें दुधाची वाटी पुढें करितात, आणि प्रत्येकाला वाटतें आपण थोडेंच दिलें.

हें ‘थोडें’ किती महाग पडतें याचा एक पुरावा २००२ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेंत अठ्ठेचाळीस लॅब्रेडॉर पिल्लांच्या चोवीस जोड्या लावून, प्रत्येक जोडींतील एकाला दुसऱ्यापेक्षां पाव हिश्शानें कमी अन्न जन्मभर दिलें. कमी खाणारे कुत्रे मध्यमानानें सुमारें पावणेदोन वर्षें अधिक जगले, आणि त्यांच्या सांध्यांची झीजहि उशिरां सुरू झाली. दुखऱ्या सांध्यावरील प्रत्येक जास्तीचा किलो हा रोजचा जाच आहे. म्हणून आमची सूचना अशी कीं, दाराजवळ एक वही टांगावी. किती मिनिटें चालला, पाय किती वेळां टेकला, काय खाल्लें, कोणीं दिलें, लघवी केव्हां झाली, हें ज्याचें त्यानें लिहावें. आठवड्यांतून एकदां, एकाच माणसानें, शिंप्याच्या फितीनें दोन्ही मांड्यांचा घेर एकाच जागीं मोजून टिपावा. भरूं लागलेली मांडी डोळ्यांना दिसण्यापूर्वीं फितीला दिसते, आणि कंटाळलेल्या घराला त्या अर्ध्या बोटाच्या वाढीनें फार धीर येतो.

आणखी दोन गोष्टी. पहिली, घरांतील माणसांच्या गोळ्या कुत्र्याला देऊं नयेत. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारखीं आपलीं नेहमींचीं औषधें कुत्र्याच्या पोटांत व्रण पाडतात आणि मूत्रपिंडें निकामी करूं शकतात. “अर्धीच दिली” हें समर्थन चालत नाहीं. दुसरी, फरशी. गुळगुळीत फरशीवर दुर्बल पाय फांकतात आणि आठवड्याची कमाई क्षणांत जाते. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंज्या किंवा रबरी चटया पसराव्या. घर थोडें गबाळें दिसेल, तें सोसावें.

कुत्रा आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहीं, आणि पुष्कळ वेळां ओरडूनहि दाखवीत नाहीं. तो जिभेनें एकच जागा चाटीत राहतो, जिन्यापाशीं थबकतो, रात्रीं जागा बदलीत बसतो, हांक मारली असतां शेपूट हालवितो पण उठत नाहीं. पुढच्या पायानें लंगडणाऱ्या कुत्र्याचें डोकें पाहावें: दुखरा पाय जमिनीला लागतांना तें वर जातें, चांगला टेकतांना खालीं येतें. ही खूण मुलांना एकदां दाखविली कीं तीं घरांतल्या मोठ्यांपेक्षां बारकाईनें पाहूं लागतात.

इतकें करूनहि कांहीं कुत्रे पूर्ववत् होत नाहींत. त्यांतल्या पुष्कळांचें आयुष्य तरीहि चांगलें जातें. एक पाय कापावा लागलेले बहुतेक कुत्रे थोड्याच आठवड्यांत तीन पायांवर तोल सांवरतात; मागचें अंग गेलेल्यांसाठीं दोन चाकांची गाडी मिळते, आणि ती बांधून ते रस्ता हुंगत फिरतात. परंतु वेदना औषधानें आवरत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, आणि वहींतील पानें आठवड्यामागून आठवडे खालींच उतरत असतील, तर पशुवैद्याच्या सल्ल्यानें त्याला शांतपणें निरोप देणें हाहि शुश्रूषेचाच शेवटचा भाग होय. तो निर्णय पहिल्या सकाळच्या भीतीनें घेतला जाऊं नये, आणि आपल्याला सोडवत नाहीं म्हणून लांबणीवरहि पडूं नये.

एक शेवटचें सांगून हा लेख पुरा करितों. घरांतील वृद्धाला पक्षाघात झाला, सुनेचें बाळंतपण निघालें, मुलाचा हात मोडला, तर काय करावें हें आपल्या घरांना शिकवावें लागत नाहीं. पाळ्या लागतात, पथ्य सांभाळलें जातें, आणि कंटाळा आला तरी तो बोलून दाखविण्याची रीत नाहीं. आपण ज्या प्राण्याला उंबरठ्याच्या आंत घेतलें त्याच्यासाठीं वेगळी विद्या लागत नाहीं. तीच शिस्त, तोच धीर, आणि दाराशीं टांगलेली एक वही पुरे.